वाकरूळकर मावशीचं आडनाव

आमच्या घरी निळी एरोग्राम पत्रं यायची, इस्राएलवरून, वर्षातनं दोनदा, कधी तीनदा. पोस्टमन ते पत्र वेगळं हातात द्यायचा, बाकीच्या पत्रांसारखं ओट्यावर टाकून जायचा नाही. बाहेर पाठवणाऱ्याच्या जागी इंग्रजीत मिसेस मोझेस आणि खाली गावाचं नाव डिमोना. आत मात्र सगळं मराठी, बारीक तिरप्या अक्षरात, चारी बाजूंचे समास भरून, शेवटी जागा उरली नाही की घडीच्या पट्टीवरसुद्धा लिहिलेलं. आणि सगळ्यात शेवटी सही, "तुमची वाकरूळकर मावशी". त्या सहीतल्या ळ ची शेपटी पार खालच्या कडेपर्यंत गेलेली असायची. मी आईला एकदा विचारलं होतं की बाहेर मोझेस आणि आत वाकरूळकर असं का, तर आई म्हणाली बाहेरचं पोस्टासाठी असतं, आतलं आपल्यासाठी.

मावशी अलिबागला आमच्या शेजारी राहायची, इस्राएल आळीच्या तोंडाशी. अलिबागमध्ये ही आळी खरोखरच आहे, तिथे मागेन आबोथ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, आहे, पण आमच्याकडे कुणी ज्यू किंवा यहुदी म्हणत नसे, सगळे म्हणायचे "इस्राएल लोक". इस्राएलांचं घर, इस्राएलांची वाडी, असं. मावशी नऊवारी नेसायची नाही पण तिच्या सासूबाई नेसायच्या, कपाळ मोकळं, गळ्यात मंगळसूत्र. घरात मराठीच, तीही आमच्यासारखीच, थळ-नवगावकडची हेलाची. फरक दोन-तीन गोष्टींत दिसायचा. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दिवा लागला की शनिवारी संध्याकाळपर्यंत चूल बंद. आणि दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला एक छोटी लाकडी डबी तिरपी ठोकलेली होती, मावशी आतबाहेर करताना तिला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना. तिला मेझुझा म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आत चामड्यावर हिब्रूत लिहिलेली प्रार्थना असते.

माझं माहेरचं आडनाव म्हात्रे. रायगडात म्हात्रे म्हणजे वर्गात पाच, बसमध्ये दहा, त्यामुळे आडनाव ही काही विचार करण्याची गोष्ट असते असं मला लहानपणी वाटलंच नाही. वाकरूळकर मात्र आख्ख्या अलिबागात एकच घर. १९७९ साली ते इस्राएलला गेले तेव्हा मी पाचवीत होते. शाळेतून आले तर पितळेची भांडी आमच्या पडवीत मांडलेली, मावशी आईला म्हणत होती ही ठेव, परत आले तर घेईन.

तर झालं असं की गेल्या वर्षी मावशीच्या नातीचा मला मेसेज आला. ती तिकडेच जन्मलेली, बेरशेबाला शिकते, मराठी तिला आजी, चपाती, बस झालं, काय झालं एवढंच येतं. इंग्रजीत लिहिलं होतं. तिला युनिव्हर्सिटीत घराण्याबद्दल काहीतरी लिहून द्यायचं होतं आणि आजीच्या जुन्या कागदांत तिला एक शब्द सापडला होता जो तिच्या स्वतःच्या कुठल्याच कागदावर नाही. तिचं आडनाव मोझेस. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मराठीत वाकरूळकर, त्यांच्याच नोकरीच्या अर्जावर इंग्रजीत तेच आडनाव एका स्पेलिंगने, लग्नाच्या कागदावर दुसऱ्या, रेशनकार्डावर तिसऱ्या, कुठे व्ही कुठे डब्ल्यू, कुठे एक यू कुठे दोन ओ. तिने विचारलं होतं, हा एकच शब्द आहे का तीन, आणि याचा अर्थ काय.

मी एका ओळीत उत्तर देऊ शकले असते. वाकरूळ हे पेण तालुक्यातलं गाव, तिथले ते वाकरूळकर. पण मी लिहायला बसले आणि लिहितच गेले, कारण कर म्हणजे काय हे मराठी न येणाऱ्या माणसाला समजवायला लागलं की आपल्यालाच ते पहिल्यांदा नीट दिसतं.

आपण कर सहज लावतो, पुणेकर, मुंबईकर, कोल्हापूरकर. पण नीट बघितलं तर गावातल्या गावात कुणी त्या गावाचा कर नसतो. पेणमध्ये तुम्ही पेणकर म्हणून हाक मारलीत तर अर्धं गाव वळून बघेल. पेण सोडून रोह्याला गेलात, मुंबईला गेलात, की मग तुम्ही पेणकर. तेंडोलीतून बाहेर पडलेले तेंडुलकर, मंगेशीचे मंगेशकर. लता मंगेशकरांच्या घराण्याचं मूळ आडनाव हर्डीकर होतं, म्हणजे तेही आधी एका गावाचंच, मग दीनानाथांनी मंगेशीचं लावलं. म्हणजे हे आडनाव मिळतं ते गावात राहिल्याबद्दल मिळत नाही, गाव सोडल्यावर मिळतं. मागे राहिलेल्यांना ते लागत नाही. मी हे त्या मुलीला लिहिलं आणि तिने लगेच विचारलं, मग आम्ही वाकरूळ कधी सोडलं?

आता याचं उत्तर देण्यासाठी मला ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली, जी अलिबागच्या पोरांना थोडीफार माहीत असते आणि बाकी महाराष्ट्राला जवळजवळ नसते. बेने इस्राएल, म्हणजे हेच कोकणातले इस्राएल लोक, सांगतात की त्यांचे पूर्वज फार जुन्या काळी, काही म्हणतात दोन हजार वर्षांपूर्वी, गलबतातून चौल बंदराकडे येत होते आणि नवगावजवळ गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावरच पुरलं, पुरुष एकीकडे बायका एकीकडे, आणि ती जागा आजही तिथे आहे, तिथे स्मारकाचा खांब उभा केलाय. आमच्या शाळेतून आम्ही चालत जायचो तिकडे, समुद्रावर खेळायला, आणि त्या जागेत आम्ही आवाज कमी करायचो, कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तशी ती जागाच आहे.

वाचलेल्यांची पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. राहिलं ते जेवढं डोक्यात होतं तेवढं. शनिवार पाळायचा, मुलांची आठव्या दिवशी सुंता करायची, खवले आणि पर असलेलेच मासे खायचे, आणि "शेमा इस्राएल" ही एक प्रार्थना, जी जन्माला, लग्नाला, मरणाला, सगळ्यालाच म्हणायचे कारण दुसरी येतच नव्हती. मग ते गावोगाव पांगले आणि घाण्यावर तेल गाळायला लागले. कोकणात तेली दुसरेही होते, ते सोमवारी घाणा बंद ठेवायचे, महादेवाचा वार म्हणून. हे शनिवारी बंद ठेवायचे. त्यामुळे लोक यांना शनवार तेली म्हणायला लागले आणि त्यांना सोमवार तेली. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की गावाने यांना दुसऱ्या कुठल्या कारणाने ओळखलं नाही, कुठल्या दिवशी तेल मिळत नाही यावरून ओळखलं.

पुढे डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ तिकडे आला, हा कधी आला यावर बरेच वाद आहेत, पण गोष्ट सगळे सारखीच सांगतात. त्याने घरातल्या बायकांना मिश्र मासे आणून दिले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवलेवाले तेवढे वेगळे काढले आणि म्हणाल्या आम्ही एवढेच खातो. त्याला पटलं की हे आपलेच. ही गोष्ट मावशी आम्हाला पापलेट साफ करता करता सांगायची, नखाने खवला दाखवून, हा बघ, हा होता म्हणून ओळखलं आम्हाला.

त्या काळातली नावं बघा. सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी, बेंजामिनचा बुनाजी. आबाजी हे नाव तर आमच्या आगऱ्या-कुणब्यांतही आहे. सणांची नावंसुद्धा अशीच, नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण, हिब्रू नावं नंतर परत आली. गावात एवढंच नाव पुरायचं, सामाजी हसाजी, म्हणजे हसाजीचा सामाजी. आडनावाची गरजच नव्हती.

गरज लागली ती मुंबईत. अठराव्या शतकात ही कुटुंबं कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या, गावांतून मुंबईला जायला लागली, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती व्हायला लागली, बांधकामावर, गोदीत. तिथे हसाजीचा सामाजी म्हणून कोण ओळखणार, चार सामाजी असणार, त्यामुळे कुठला सामाजी हा प्रश्न आला आणि उत्तर आलं दिवेकर. मी नाव घेतलं ते खऱ्याच माणसाचं आहे. सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेत होता, टिपूशी झालेल्या लढाईत कैद झाला, सुटून आला आणि १७९६ साली त्याने मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हारहामिम, म्हणजे दयेचं दार. लोक त्यालाही मशीदच म्हणायचे, जुनी मशीद, आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं मानतात. जवळच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. आता बघा, रस्त्यावर सॅम्युएल राहिला, दिवेकर राहिला नाही. हेच पुढे परत परत झालं.

पण त्याआधी ती गावांची यादी सांगते, कारण मी त्या मुलीला नकाशावर एकेक टिंब देत ही यादी केली आणि ती करताना मला भरून आलं. किहीमचे किहीमकर. झिराडचे झिराडकर. नवगावचे नवगावकर. आवासचे आवासकर. नागावचे नागावकर, चौलचे चेऊलकर, कोर्लईकडचे कोर्लेकर, मापगावचे मापगावकर, पेझारीचे पेझारकर, चोरड्याचे चोरडेकर, रोह्याचे रोहेकर आणि नदीपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर, आपट्याचे आपटेकर, श्रीवर्धनकडच्या गालसुऱ्याचे गालसुरकर. अशी शंभरावर आडनावं आहेत. तुम्ही अलिबाग स्टँडवर उभं राहून एसटीच्या पाट्या वाचल्यात तर अर्धी बिरादरी वाचून होते. मी लहानपणापासून त्या पाट्या वाचत आले आणि मला कधी वाटलं नाही की यातल्या प्रत्येक पाटीच्या नावाचा माणूस आत्ता इस्राएलात अश्दोदमध्ये नाहीतर लोदमध्ये भाजी घेत असेल.

यातले किहीमकर जरा थांबून सांगण्यासारखे आहेत. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली, जी पुढे सर एली कदूरी स्कूल म्हणून माझगावला प्रसिद्ध झाली. त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, इंग्रजीत, १८९७ पर्यंत लिहून पुरा केला, आणि तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं बाडात पडून होता. तो हातात पडायच्या आधीच ते वारले होते. किहीमला आज लोक वीकेंडला जातात, बंगले आहेत, बीचवर गर्दी असते, आणि या गावाचं नाव आडनाव म्हणून लावणाऱ्या माणसाने आपल्या लोकांचा पहिला मोठा इतिहास लिहिला हे तिथे कुठे लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. लिहायला पाहिजे, असं मला फार वाटतं.

आता ही आडनावं दुर्मिळ का झाली. माझ्या मते पहिलं कारण असं की ती फार सहज गाळता येतात. बेने इस्राएल माणसाचं नाव तीन भागांचं, स्वतःचं, वडलांचं आणि गावाचं, अगदी आपल्यासारखंच. पण पहिले दोन भाग बायबलातले, इंग्रज साहेबाला माहीत असलेले, लिहायला सोपे. तिसरा लांबलचक. ऑफिसात, रेल्वेत, पोस्टात दोनच भाग लिहिले की काम भागायचं, आणि वडलांचं नाव आडनाव होऊन बसायचं. मराठी घरांत सिनेमातले डेव्हिड सगळ्यांना माहीत आहेत, टक्कल, गोड हसणारे, बूट पॉलिशमधले जॉन चाचा. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आमच्या चौलचे! मुंबईत महालक्ष्मीहून वरळीला जाणाऱ्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज लाखभर माणसं जात असतील. ते एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते, आडनाव राजपूरकर, पाटीवर नाही. निस्सीम इझिकेल एवढे मोठे कवी, त्यांच्या नावात गाव कुठेच दिसत नाही. उलट एक उदाहरण आहे ते मला फार आवडतं, डॉ. जेरुशा झिराड, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या, पद्मश्री मिळाली १९६६ ला. त्यांच्या नावात कर गळला आणि गाव राहिलं, नुसतं झिराड. अलिबाग-रेवस रस्त्यावर झिराडचा फाटा आला की मला दरवेळी ती डॉक्टरीण आठवते.

वाकरूळकर काकांचंही तेच झालं होतं, हे मला आता त्यांच्या नातीकडून कळलं. मुंबईत नोकरीला लागताना फॉर्म भरणाऱ्याने आडनाव दोनदा विचारलं, दोनदा चुकीचं लिहिलं, आणि काकांनी कंटाळून सांगितलं मोझेस लिहा. मोझेस हे त्यांच्या वडलांचं नाव. मग पगार मोझेसला, पासपोर्ट मोझेसचा, इस्राएलला उतरले ते मोझेस. एका दुपारी, एका टेबलासमोर, कंटाळा आला म्हणून एक गाव घरातून गेलं.

दुसरं कारण अर्थात माणसंच कमी. १९५१ च्या जनगणनेत भारतात ज्यू २६ हजारांच्या आसपास होते, सगळे धरून, म्हणजे कोचीनचे, बगदादी आणि बेने इस्राएल, आणि यातले बेने इस्राएल सगळ्यात जास्त. १९४८ मध्ये इस्राएल झालं आणि लोक जायला लागले, कुणी हाकललं नाही, कुणी त्रास दिला नाही, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात, तरी गेले, कारण पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत ज्या जेरुसलेमचं नाव घेतलं तिथे आता जाता येत होतं. आणि चुलतभाऊ गेला म्हणून मामा गेला, मामा गेला म्हणून आपण, आणि इथे राहिलं तर मुलींची लग्नं कुणाशी करायची हाही प्रश्न. २०११ च्या जनगणनेत आख्ख्या देशात ४,६५० ज्यू, महाराष्ट्रात २,४६६. आता मी माझ्याच वहीत केलेला हिशोब सांगते, यात काही शास्त्र नाही. हे २,४६६ सगळे बेने इस्राएल धरले आणि शंभर आडनावांत सारखे वाटले तर एका आडनावाला पंचवीस माणसं येतात. पंचवीस म्हणजे एका लग्नाची एक पंगतसुद्धा नाही. सारखे वाटले जात नाहीतच, त्यामुळे काही आडनावांना दोनशे आणि काहींना दोन.

आडनावावरून यांना मोजायचं म्हटलं तर तेही जमत नाही. आपली जनगणना आडनावांचे आकडे काढत नाही, आणि काढले असते तरी पेणकर, रोहेकर, नागावकर, दिवेकर ही आडनावं ब्राह्मणांत आहेत, सीकेपींत आहेत, इतरांतही आहेत. गाव सगळ्यांचंच होतं ना, जो बाहेर पडला तो कर झाला. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. आडनावावरून जात ओळखायची आपल्याला इतकी सवय, आणि इथे रोहेकर म्हटलं तर समोरचा कोण आहे ते तुम्हाला सांगताच येत नाही, एवढंच सांगता येतं की याचं कुणीतरी कुंडलिकेचं पाणी प्यायलंय.

आणि तिसरं कारण बायकांचं. हे मला त्या मुलीमुळे सुचलं. इस्राएलमध्ये यांना सुरुवातीला फार मानहानी सोसावी लागली. तुम्ही खरे ज्यू का, यावर शंका. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावायचं असेल तर आधी आईकडच्या पिढ्या जमतील तितक्या मागेपर्यंत तपासा. त्यावर हे लोक चिडून उठले, जेरुसलेमला धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. पण मी त्या आदेशावर अडकले. आईकडच्या पिढ्या! कोकणातल्या बाईच्या आईची आई कुठली हे कोणत्या कागदावर असणार? आडनाव बापाकडून येतं. मावशी लग्नाआधी चोरडेकर होती, तिची आई त्याआधी अष्टमकर, तिच्या आईचं मावशीलाही माहीत नाही. प्रत्येक लग्नात एक गाव पुसलं गेलं. म्हणजे पुराव्यासाठी जे मागितलं तेच नेमकं कुणी जपलेलं नव्हतं, आणि त्याचा दोष या बायकांचा कसा होईल?

ही नात स्वतः खूप विचार करणारी आहे. तिने विचारलं की मग मी आजीच्या माहेरचं चोरडेकर लावू का आजोबांचं वाकरूळकर, का आईच्या आईचं. मी म्हटलं तुझं तू ठरव, मी आधी गाव तरी बघून येते.

म्हणून डिसेंबरात मी आणि माझा भाऊ पेणला गेलो आणि तिथून रिक्षा करून वाकरूळला. मी याआधी कधी गेले नव्हते, अलिबागहून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर असून. भात कापून झालेलं, शेतात वाल पेरलेले, घरांच्या अंगणात वाळवणं. मी मोबाईलवर फोटो काढत होते म्हणून दोघीतिघी जणी जवळ आल्या, कुठनं आलात, जमीन बघायला आलात का. मी सांगितलं की इथे पूर्वी इस्राएल लोक राहायचे, तेली, त्यांचं काही आहे का. कुणाला काही माहीत नव्हतं आणि त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं. मग एक म्हातारे आजोबा, पडवीत बसलेले, त्यांना मोठ्याने विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शनवारचे तेली काय? आमची आजी बोलायची. शनवारी तेल मागायला जाऊ नका म्हणायची." एवढंच. त्यांनी स्वतः कुणाला पाहिलेलं नव्हतं, कुठे घर होतं तेही माहीत नाही. पण ती आजीची सूचना अजून शिल्लक होती. मी ते वाक्य त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं आणि रेकॉर्ड केलं.

वाटेवर एका घराबाहेर दगडी घाण्याची उखळ पडलेली होती, तिच्यात पाणी भरून ठेवलेलं, कोंबड्या पीत होत्या. ती कुणाची होती कुणाला सांगता येईना. मला फार वाटलं की वाकरूळकरांचीच म्हणावी, फोटो पाठवून त्या पोरीला सांगावं हा तुझ्या खापरपणजोबांचा घाणा. पण नाही सांगितलं. जे माहीत नाही ते जोडून द्यायचं नाही असं मी पहिल्यापासून ठरवलं होतं. फोटो पाठवला आणि लिहिलं, गावातला एक जुना घाणा.

परत येताना पेणला पोहे घेतले. पेणचे पोहे मावशीला लागायचे मलिद्यासाठी. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने त्यांच्यात मलिदा करतात, पातळ पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून फळं आणि सुकामेवा, मोठ्या ताटात, आणि तो आम्हाला मिळायचा तेव्हा आम्ही फक्त वरचे काजू वेचायचो. अलिबागला आल्यावर मुद्दाम मावशीच्या जुन्या घरावरून गेलो. घर विकलं गेलं, दोनदा हात बदलले, आता खाली दुकान आहे. दाराची चौकट मात्र जुनीच ठेवलीय, सागवानी, तेलरंगाचे चार-पाच थर चढलेले. मी दुकानदाराची परवानगी घेऊन उजव्या बाजूला हात फिरवला. रंगाखाली खांद्याच्या उंचीवर दोन बारीक खड्डे लागले, एक वर आणि एक खाली जरा सरकून, तिरपे. खिळ्यांचे. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. दुकानदाराला वाटलं वाळवी लागलीय म्हणून बघतेय.

हे फोटो, आजोबांचं रेकॉर्डिंग, यादी, सगळं मी त्या मुलीला पाठवलं. तिने आठ दिवस काही कळवलं नाही. मग शनिवारी रात्री, म्हणजे तिकडचा शब्बाथ, शनिवारचा पाळायचा वार, संपल्यावर, एक व्हॉईस मेसेज आला. ती डिमोनाला आजीकडे गेली होती आणि आजीला ते सगळं दाखवलं होतं. मावशी आता ८२ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, दिवसभर हिब्रू टीव्ही चालू असतो पण स्वतःशी मराठीत बोलते. ती मुलगी सांगत होती की तिने आडनाव बदलण्याचा अर्ज आणलाय, हिब्रूत कसं लिहायचं यावर अडलंय, कारण हिब्रूत ळ नाही. इंग्रजीतही नाही. तिने मला विचारलं बरोबर म्हणते का बघ, आणि म्हटलं, "वाकरूलकर". परत म्हटलं, "वाकरूरकर". मागे टीव्हीचा आवाज होता. मग टीव्ही बंद झाला आणि मावशीचा आवाज आला, जुनाच, हेल तसाच, पण थकलेला. "अगं जीभ मागे वळव. मागे. टाळूला लाव. ळ. ळ म्हण. बाळ म्हणतेस ना, तसं."

"बाळ," ती म्हणाली.

"हां. आता म्हण."